घरातला एकोणिसावा गुरू

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



उन्हाळी सुट्टी लागली. बेळगावपासून निपाणीपर्यंत आपल्या सगळ्या घरांत आता एकच आवाज आहे, तो म्हणजे पोरांचा. पुण्या-मुंबईची नातवंडं येताहेत, इथली आजोळी निघालीत. आपल्या सीमाभागातली गंमत अशी की इकडची शाळा मे संपता संपता भरते आणि तिकडची जूनच्या मध्यावर. म्हणजे कोल्हापूरचा मावसभाऊ अजून आंबे खात बसलेला असतो आणि निपाणीचा दादा दप्तर घेऊन उभा! त्यावरून होणारी रडारड आपण दरवर्षी बघतो.

गेल्या महिन्यात आपल्या कुटुंब-गटांतून तीन प्रश्न आले. तिन्ही लहान मुलांच्या आयांचे आहेत. नावं सांगत नाही, पण वाचताना प्रत्येकीला वाटेल, हा तर माझाच प्रश्न.

पहिला प्रश्न असा. एका ताईनं गुरुचरित्राचं सात दिवसांचं पारायण धरलं होतं. चौथ्या दिवशी बाळाला ताप आला. दोन रात्री जागरण, दवाखाना, पारायण राहिलं. घरातलं कोणीतरी बोललं, "अर्धवट सोडलंस, आता दोष लागणार." तेव्हापासून तिला पोथीकडे बघायचीसुद्धा भीती वाटते. दुसरा प्रश्न. संध्याकाळी आरतीला बसलं की मूल मध्येच लुडबुड करतं, म्हणून हातात मोबाईल द्यावा लागतो, चालेल का? तिसरा प्रश्न. मुलगा तीन वर्षांचा झाला, अजून नीट बोलत नाही, जाऊबाईंचा मुलगा घडाघडा बोलतो, लोक विचारतात, काय उपासना करू?

या तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच समजूत आहे. ती अशी की मूल एकीकडे आणि देव दुसरीकडे. मूल सांभाळलं की साधना मागे पडली. आज त्याच समजुतीवर थोडं बोलूया.

चोविसांतला एकोणिसावा

आपण दत्तगुरूंचे चोवीस गुरू म्हणतो, ते श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात येतात. यदुराजाला एक अवधूत भेटतो. अंगावर धड वस्त्र नाही, जवळ काही नाही, आणि चेहऱ्यावर आनंद मावत नाही. राजा विचारतो, हा आनंद आला कुठून? तेव्हा अवधूत आपले चोवीस गुरू सांगतो. पृथ्वी, वारा, आकाश, पाणी, अग्नी, चंद्र, सूर्य असे करत करत एकोणिसावा गुरू येतो आणि तो असतो बालक. लहान मूल! याच अकराव्या स्कंधावर नाथमहाराजांनी काशीत बसून मराठीत मोठी टीका पूर्ण केली, ते साल 1573. ते एकनाथी भागवत आपल्यापैकी पुष्कळ घरांत आहे. सातव्या ते नवव्या अध्यायात हा सगळा भाग आहे. सुट्टीत एकदा काढून वाचा.

आता बघा, अवधूतानं कोणाकोणाला गुरू केलं! समुद्र आहे, हत्ती आहे, मधमाशी आहे. यातल्या समुद्रासाठी गोव्याला जावं लागेल, हत्ती बघायला दांडेलीच्या रानाकडे. पण एकोणिसाव्या गुरूसाठी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायची गरज नाही. तो आत्ता या क्षणी तुमच्या स्वयंपाकघरात डब्याचं झाकण काढून पोह्यांत हात घालून बसलेला असेल.

या गुरूकडून अवधूत काय शिकला? तर मान आणि अपमान या दोन्हींचं ओझं नसणं. घराची, पैशाची काळजी नसणं. आपल्यातच रमणं. अवधूत म्हणतो त्याचा भावार्थ असा, की जगात चिंतामुक्त दोघेच. एक अजाण बालक आणि दुसरा तिन्ही गुणांच्या पलीकडे पोचलेला ज्ञानी.

आता आपल्या घरातलं बघा. सकाळी नातवाला रागावलं, कानाला धरून बाजूला बसवलं. पाच मिनिटांत तोच गळ्यात पडतो की नाही? तोच म्हणतो, "आज्जी, माझ्या चपातीवर तूप लाव." आणि आपण? 2010 सालच्या लग्नात आहेराच्या वेळी कोणी काय बोललं, ते आपल्याला आज तारखेसकट पाठ. मग शिष्य कोण आणि गुरू कोण?

मात्र यात एक गोष्ट नीट समजून घ्यायची. मूल गुरू आहे म्हणजे ते म्हणेल ते सगळं करायचं, असा अर्थ नाही. अवधूतानं अजगरालाही गुरू केलं, म्हणून तो कोणाला गिळायला शिकला नाही. समोर येईल त्यात समाधान मानायचं, एवढंच त्यानं घेतलं. तसं मुलाचा हट्ट घ्यायचा नाही, त्याची निर्मळता घ्यायची. शिस्त लावायचं काम आपलंच आहे.

बाळेकुंद्रीला हरवलेली चप्पल

गेल्या आश्विनातली एक गोष्ट सांगतो. आमच्या भागातल्या सहा घरच्या बायका मुलाबाळांना घेऊन श्री पंतमहाराजांच्या पुण्यतिथी उत्सवाला बाळेकुंद्रीला निघालो. बेळगावहून बस. जून 2023 पासून कर्नाटकात आम्हा बायकांना साध्या बसला पैसे नाहीत, कंडक्टर शून्याचं तिकीट फाडून हातात देतात. आमच्याबरोबर साडेचार वर्षांचा एक बाळगोपाळ होता. आईला तिकीट, आज्जीला तिकीट, शेजारच्या काकूंना तिकीट, आणि याला काहीच नाही! लहान म्हणून त्याला तिकीटच नव्हतं. त्यानं तोंड एवढं फुगवलं की सांबऱ्याच्या पुढे जाईपर्यंत कोणाशी बोलला नाही. शेवटी आज्जीनं आपलं तिकीट त्याला दिलं तेव्हा स्वारी हसली. शून्याचं तिकीट, पण त्याला राज्य मिळाल्यासारखं. यालाच समाधान म्हणतात की हो!

बाळेकुंद्रीची आमराई तुम्हाला माहीत आहे. उत्सवात ती माणसांनी फुलून जाते. मराठी बोलणारे, कन्नड बोलणारे, सगळे एका सुरात भजनात. पालखी आली तसे सगळ्यांचे हात जोडले गेले. हात जोडताना एका सुनेच्या हातातला छोटा हात सुटला. नमस्कार करून डोळे उघडले तर पोरगा नाही.

पुढची वीस-पंचवीस मिनिटं कशी गेली ते सांगत नाही. ज्या आईचं मूल गर्दीत दिसेनासं झालंय तिलाच ते कळतं. दोघी प्रसादाच्या बाजूला धावल्या, दोघी रस्त्याकडे, एक ध्वनिक्षेपकाजवळ नाव सांगायला. आणि पोरगा सापडला कुठे? चपला काढतात तिथे. एका म्हाताऱ्या आज्जींच्या शेजारी मांडी घालून बसला होता. आज्जी कन्नड बोलणाऱ्या, खेड्यातल्या. त्यांनी त्याला विचारलं असणार, "ऊट आतेन?" जेवलास का म्हणून. त्याला त्यातलं काही कळलं नाही. पण त्यांनी पदरातले चिरमुरे पुढे केले ते बरोबर कळले.

आईनं उचलून छातीशी धरलं, रडली, मग विचारलं, "असा का आलास रे इकडे?" तेव्हा तो म्हणाला, "माझी एक चप्पल पायातून गेली. तू मारशील म्हणून शोधायला आलो."

बघा हं. एवढी गर्दी, हजारो अनोळखी माणसं, त्याची त्याला भीती वाटली नाही. भीती कशाची वाटली? आईच्या रागाची. एका चपलेपायी. ज्या आईचा जीव त्याच्यासाठी कासावीस झाला होता, तिच्यापासूनच तो लपला.

घरी येताना बसमध्ये त्याची आई गप्प होती. तो मात्र मजेत सांगत होता, "त्या आज्जीला मराठी येत नव्हतं, पण तिला माझं सगळं कळत होतं."

हा प्रसंग घडल्यापासून आमच्या सत्संगात एक गोष्ट ठरली आहे. मुलांना घेऊन जत्रेला, उत्सवाला जाताना खिशात कागद ठेवायचा. त्यावर आईबाबांचं नाव आणि फोन नंबर, मराठीतही आणि कन्नडमध्येही. मुलाला आधी सांगायचं, "हरवलास तर तिथेच थांब, हलू नकोस. आम्ही तुला शोधत येणारच. पोलिसमामा किंवा मुलं बरोबर असलेली एखादी काकू दिसली तर तिला सांग." पोलीस पकडून नेईल अशी भीती मुलांना घालायची नाही. संकटात ज्याच्याकडे जायचं त्याचीच भीती घातली तर पोर जाणार कुठे? आणि सगळ्यात महत्त्वाचं वाक्य रोज सांगायचं, "काही हरवलं, फुटलं, सांडलं तरी आधी माझ्याकडे ये."

मग पारायण राहिलं त्याचं काय?

आता पहिल्या प्रश्नाच्या ताईंना सांगायचं आहे. ताई, तुमची पोथीची भीती आणि त्या पोराची चपलेची भीती, दोन्ही एकच. राहिलेलं पारायण ही तुमची हरवलेली चप्पल. आणि ज्या गुरुमाउलीचा जीव तुमच्यासाठी तळमळतो, तिच्यापासूनच तुम्ही लपताय. साध्या प्रपंचातल्या आईला जर लेकरापुढे चप्पल क्षुल्लक वाटते, तर जिला आपण माउली म्हणतो ती आजारी बाळाच्या उशाशी बसलेल्या आईवर रागावेल कशी?

गुरुचरित्राचाच चौथा अध्याय आठवा. ब्रह्मा, विष्णू, महेश अत्रिऋषींच्या आश्रमात अतिथी म्हणून आले. अनसूयामातेचं सत्त्व बघायचं होतं, म्हणून त्यांनी कठीण अट घातली. मातेनं काय केलं? मनात कसलाही विकार न आणता, हे तर माझे बाळ, असा भाव धरला. आणि त्रैलोक्याचे स्वामी तिथल्या तिथे तान्ही बाळं झाले. रडायला लागले. मग तिनं पोथी उघडली का? होम केला का? तिनं त्यांना पाजलं, पाळण्यात घातलं आणि अंगाई गायली. पुढे तिघांपैकी श्रीदत्त तिच्याजवळ राहिले.

म्हणजे आपलं सगळं दैवतच मुळी पाळण्यातून सुरू होतं! दत्तजयंतीला मार्गशीर्ष पौर्णिमेला आपण पाळण्याची दोरी ओढतो, त्या पाळण्यातलं बाळ आणि तापानं फणफणलेलं तुमचं बाळ, यात अनसूयामातेनं फरक केला नसता. त्या दोन रात्री कपाळावर ज्या ओल्या घड्या तुम्ही बदलल्या, त्यातली प्रत्येक घडी एका ओवीच्या जागी धरा. बाळ बरं झालं, अंघोळ झाली, मन शांत झालं की पुन्हा पोथी उघडा. सात दिवस जमत नसतील तर रोज चार ओव्या वाचा. पण भिऊन वाचू नका. भीतीनं वाचलेल्या बावन्न अध्यायांपेक्षा मायेनं वाचलेली एक ओवी माउलीला जास्त पोचते, अशी आमची श्रद्धा आहे.

आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनाही हात जोडून विनंती. आपल्या तोंडून "दोष लागेल" हा शब्द सहज जातो. पण नव्या आईच्या मनात तो काट्यासारखा राहतो. त्याऐवजी "तू बाळाजवळ बस, आजचा अध्याय मी वाचते" असं म्हटलं तर पारायणही पूर्ण होईल आणि सूनही जवळ येईल. कितीतरी आजोबा या वयात खणखणीत वाचतात. त्यांनी वाचावं की!

आपल्याच भागाचं उदाहरण हवं तर ज्यांच्या उत्सवाला आम्ही गेलो होतो त्या श्री पंतमहाराजांचंच घ्या. 1855 ते 1905 हा त्यांचा काळ. बेळगावात त्यांनी शिक्षकाची नोकरी केली. रोज मुलांमध्ये उभं राहायचं, शिकवायचं, घरी यायचं, मोठ्या कुटुंबाचा संसार बघायचा. अवधूत संप्रदायाचे एवढे थोर पुरुष, पण ते घर सोडून रानात गेले नाहीत. घरात राहूनच अवधूत झाले. आपल्यासारख्या प्रपंचातल्या माणसांना यापेक्षा मोठा दिलासा कुठला?

निपाणीकडच्या आपल्या कितीतरी भगिनी विड्या वळतात. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि पानं, शेजारी लुगड्याच्या झोळीत बाळ. एका हातानं दोरा गुंडाळायचा, पायानं झोळी हलवायची आणि तोंडानं दत्तनाम. त्यांना पाटावर बसून तासभर पोथी वाचायला कोण देणार? त्यांची साधना कमी आहे असं म्हणायची आमची तरी छाती नाही.

आरती देवाला आणि मूल मोबाईलला

दुसरा प्रश्न मोबाईलचा. हाही संदेश मोबाईलवरच वाचताय, त्यामुळे मोबाईल म्हणजे राक्षस असं आम्ही म्हणणार नाही. दूरच्या नातवाचं तोंड त्याच्यामुळेच दिसतं. पण आरतीच्या वेळचं चित्र एकदा डोळ्यांपुढे आणा. एका हातात आरतीचं तबक, ते देवापुढे. दुसऱ्या हातानं मोबाईल, तो मुलापुढे. आणि मग दहा वर्षांनी आपणच म्हणणार, "हल्लीची मुलं देवाजवळ येत नाहीत." येतील कशी? देवाची वेळ झाली की त्यांना दुसरीकडे पाठवायची सवय आपणच लावली ना?

नामदेवमहाराजांची लहानपणची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. वडील गावाला गेले, आईनं नैवेद्याचं ताट छोट्या नाम्याच्या हातात दिलं. नामा देवापुढे बसला आणि देव जेवेना म्हणून रडायला लागला. का? तर रोज वडील नैवेद्य दाखवताना त्यानं जवळून बघितलं होतं आणि देव खरंच जेवतो असं त्यानं खरं मानलं होतं. त्याला त्या वेळी कोणी बाजूच्या खोलीत गुंतवून ठेवलं असतं तर पुढची गोष्ट घडलीच नसती.

म्हणून मुलाची लुडबुड होऊ द्या. फक्त तिला काम द्या. एकाला घंटा, एकाला टाळ, एकीला फुलं तोडून परडीत घालायची. आरती बेसूर होईल, होऊ दे. घंटा आरती संपल्यावरही वाजत राहील, राहू दे. कापूर आणि निरांजन मात्र मोठ्यांच्याच हातात आणि मुलाच्या हातापासून लांब. नायलॉनचे झुळझुळीत कपडे घालून मुलीला निरांजनापाशी वाकू द्यायचं नाही. देवघरात काळजी सोडायची नसते.

यात विसावा गुरूही मदतीला येतो. अवधूताचा एकोणिसावा गुरू बालक आणि लगेच पुढचा विसावा गुरू कुमारी. घरी पाहुणे आले, ती मुलगी एकटी. आत भात कांडायला बसली तर हातातल्या बांगड्या वाजायला लागल्या. तिनं एकेक बांगडी उतरवली. दोन राहिल्या तरी वाजत होत्या. एकच राहिली तेव्हा आवाज थांबला. आपल्या संध्याकाळच्या अर्ध्या तासाला किती बांगड्या वाजतात बघा! टीव्हीची एक, कुकरच्या शिट्टीची एक, फोनची एक, कामाच्या यादीची एक. त्यातल्या जमतील तेवढ्या उतरवा. अर्धा तास घरातले सगळे फोन एका टोपलीत. आधी आजोबांचा, मग बाबांचा, मग आईचा. मुलांचा नंबर शेवटी. मोठ्यांनी ठेवलेला बघितला की मूल आपणहून ठेवतं, हा अनुभव आमच्या गटातल्या तीन-चार घरांनी घेतला आहे.

न बोलणारं बाळ

तिसऱ्या ताई, तुमच्यासाठी गुरुचरित्रात दोन आया बसलेल्या आहेत. श्री नृसिंहसरस्वतींचा जन्म कारंज्याचा. पाळण्यातलं नाव नरहरी. हे बाळ ॐकाराशिवाय दुसरा शब्दच बोलत नसे. सात वर्षांचा होईपर्यंत! लोक काय काय बोलले असतील कल्पना करा. अंबामाता रडली, नवस केले. मुंजीत तिनं भिक्षा घातली आणि त्याच्या मुखातून वेद बाहेर पडले. तेच बाळ पुढे आपल्या वाडीला कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर बारा वर्षं राहिलं आणि मग गाणगापूरला गेलं. ज्यांच्या पादुकांवर आपण डोकं ठेवतो, ते लहानपणी मुकं म्हणून हिणवलं गेलेलं मूल होतं.

दुसरी आई कुरवपूरची. तिचा मुलगा मंदबुद्धीचा, वडील वारलेले, गाव हसायचं. इतकं हसायचं की माय-लेक दोघं नदीत जीव द्यायला निघाले. तिथे श्रीपाद श्रीवल्लभ भेटले. त्यांनी दोघांना माघारी फिरवलं आणि मुलाच्या मस्तकावर हात ठेवला. या कथेत नदीच्या काठापर्यंत त्यांना कोणी ढकललं, ते विसरू नका. मुलाच्या बुद्धीनं नाही ढकललं. लोकांच्या बोलण्यानं ढकललं. तेव्हा दुसऱ्याच्या मुलाबद्दल "अजून बोलत नाही?", "अजून वाचता येत नाही?", "किती टक्के पडले?" असं विचारताना आपण कोणाला कुठल्या काठाकडे नेतोय, याचा विचार प्रत्येकानं करावा. सुट्टीत पाहुणे जमतात तेव्हा तर जास्तच.

ताई, उपासना जरूर करा, पण बाळाला डॉक्टरांकडेही न्या. कान तपासून घ्या, बोलण्याचं शिकवणारे तज्ज्ञ असतात त्यांना दाखवा. लवकर नेलं तर लवकर मदत मिळते. गुरूंवरची श्रद्धा आणि डॉक्टरांचं औषध यांत भांडण नाही. मस्तकावर ठेवायचा हात कधीकधी डॉक्टरांच्या रूपानंच येतो.

आणि आपल्याकडे अजून एक गोष्ट आहे. घरात मराठी, अंगणात कन्नड, शाळेच्या पुस्तकात इंग्रजी. कधीकधी मुलाचा गोंधळ होतो, तिन्ही भाषा एका वाक्यात येतात. तेव्हा त्याला हसू नका. ज्या गुरुचरित्रावर आपण हात ठेवून शपथ घेतो, ते लिहिणारे सरस्वती गंगाधर घरचे कन्नड बोलणारे. मराठी आपली भाषा नव्हे, असं त्यांनी ग्रंथातच नम्रपणे सांगितलं आहे. तरी गुरूंची आज्ञा म्हणून मराठीत लिहिलं. सीमेवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना याचा केवढा आधार! मुलांशी घरात भरपूर मराठी बोला, गोष्टी सांगा, ओव्या म्हणा. आणि शेजारच्या अव्वांकडून कन्नडही शिकू द्या. चिरमुरे देणाऱ्या त्या आज्जीला पुढच्या वर्षी आपला बाळगोपाळ दोन शब्द बोलला तर तिलाही आनंद होईल.

माया असावी, जाळं नको

आज्जी-आजोबांसाठी शेवटचं. अवधूताचा आठवा गुरू कपोत, म्हणजे कबुतर. त्याची गोष्ट डोळ्यांत पाणी आणणारी आहे. कबुतर-कबुतरीचा संसार, पिल्लांवर जीव. एक दिवस पारध्याच्या जाळ्यात पिल्लं अडकली. आई त्यांच्यामागे जाळ्यात गेली. बापही विचार न करता गेला. अवधूत मायेला वाईट म्हणत नाही. मायेत विवेक बुडाला की काय होतं, ते दाखवतो.

आपली मुलं पुण्याला, बेंगळुरूला, कोणी परदेशी. नातवंडं वर्षातून पंधरा दिवस येतात. ती जाताना स्टँडवर आपला चेहरा कसा असतो? "आता परत कधी बघायला मिळताय कुणास ठाऊक" असं म्हणून आपण त्या लेकराला रडवून गाडीत बसवतो. त्याऐवजी हसून निरोप द्यायचा. हातात शेंगाचटणीचा डबा, कुंद्याचा पुडा आणि कपाळावर अंगारा. गाडी वळली की मग डोळे पुसायचे. पंधरा दिवस ते बाळ आपलं होतं, आता त्याच्या आईबाबांचं, आणि मुळात गुरूंचं. आपण फक्त सांभाळायला घेतलं होतं. हे जमणं म्हणजे वैराग्य. त्यासाठी गिरनारला जावं लागत नाही, बेळगावचं बसस्टँड पुरतं.

या सुट्टीची सेवा

सगळ्या कुटुंब-गटांनी या सुट्टीत एवढं करावं.

रोज संध्याकाळी अर्धा तास फोन टोपलीत. आरतीत प्रत्येक मुलाला एक काम.

रोज झोपताना एक गोष्ट, तोंडानं सांगितलेली. अनसूयामाता, नामदेव, चोवीस गुरूंतला रोज एक. चोवीस दिवस पुरतील.

आठवड्यातून एक दिवस छोटी सहल. बेळगावच्या किल्ल्यात चक्कर मारा, तिथली कमलबस्ती आठशे वर्षांपूर्वीची आहे. तिथलं दगडात फुललेलं कमळ मुलांना छताकडे मान वर करून बघू दे. टिळकवाडीत 1924 च्या अधिवेशनाच्या वेळची काँग्रेस विहीर आहे. गांधीजी अध्यक्ष होते ते हेच अधिवेशन, हे मुलांना सांगा. निपाणीकरांनी बोरगाव-इचलकरंजीवरून वाडीला जावं. घाटावर मात्र मुलाचा हात क्षणभरही सोडायचा नाही. पायऱ्या शेवाळलेल्या असतात आणि पाणी खोल. नमस्कार एका हातानं केला तरी महाराजांना चालतो, दुसऱ्या हातात लेकरू असू दे.

आणि शेवटची, सगळ्यात अवघड सेवा. दिवसातून एकदा तरी मूल काही फोडेल, सांडेल, हरवेल. त्या वेळी ओरडण्याआधी मनात एकदा "गुरुदेव दत्त" म्हणायचं. एवढ्या वेळात राग अर्धा होतो. मग बोलायचं. ज्या घरात मूल चूक करून आईकडे धावत येतं, त्या घरात मोठी माणसंही चुका घेऊन गुरूंकडे निर्धास्त जातात. कारण ती वाट त्यांनी लहानपणीच बघून ठेवलेली असते.

तुमच्या घरातला एकोणिसावा गुरू या सुट्टीत काय शिकवून गेला, ते आपापल्या गटात नक्की लिहा. आम्ही सगळ्या आवडीनं वाचतो.

सर्वांना आरोग्य लाभो, लेकरं सुखरूप राहोत, हीच सद्गुरूंच्या चरणी प्रार्थना.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥

आपल्याच,
महिला सत्संगाच्या सेवेकरी भगिनी